कागद आणि गाठ

"रेघेपर्यंत भरायला पाहिजे, आई. आणि फेस धरायचा नाही हं. फेसाच्या खाली थुंकी किती आहे ते बघ," वीणा फोनमधून सांगत होती.

कस्तुरी स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. तिच्या हातात बोटाएवढी प्लास्टिकची नळी होती आणि नळीच्या तोंडाला छोटं नरसाळं. समोर तांदळाच्या डब्याला टेकवून फोन उभा केला होता. त्यात पुण्याहून आमची मुलगी दिसत होती. मी दारात उभा होतो.

"तोंडच कोरडं पडलंय गं. सकाळपासून घोटभर चहासुद्धा नाही."

"अर्धाच तास काही घेऊ नको म्हटलं होतं मी!"

"तपासणी म्हटल्यावर उपाशीपोटीच की. अर्ध्या तासाची कसली तपासणी?"

मी म्हणालो, "चिंच आणू का?"

"पप्पा, तिला काही खायला द्यायचं नाही."

"खायला कोण देतंय? नुसती दाखवतो."

मी बरणीतून चिंचेचा गोळा काढून कस्तुरीच्या नाकापुढे धरला. तिने माझ्याकडे रागाने बघितलं, मग तिला हसू आलं, आणि हसता हसता नळी भरली. वीणा पलीकडे टाळ्या वाजवत होती. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आमच्या, आणि बायकोच्या थुंकीसाठी घरात टाळ्या वाजताना मी पहिल्यांदा बघत होतो.

वीणाला तेव्हा पाचवा महिना होता. तिच्या डॉक्टरांनी नाव नोंदवताना घरच्या आजारांची चौकशी केली होती. कस्तुरीची आई स्तनाच्या कॅन्सरने गेली होती. थोरली बहीण महानंदा त्याच आजाराने, बेचाळिसाव्या वर्षी. असा आजार कधी कधी आईकडून मुलीकडे उतरतो हे वीणाने वाचलं होतं. तिच्या ऑफिसमध्ये घरबसल्या तपासणी करायचे डबे मिळत होते. थुंकी भरून पाठवायची, महिन्याभरात अहवाल येतो. तिने आईच्या नावाने एक मागवला. "आईत नसेल तर माझ्यात कुठून येणार," ती म्हणाली. पोटातल्या बाळाचंही तेच.

मी टोपण दाबून बसवलं, नळी हलवली, डबा चिकटपट्टीने बंद केला. वीणाने फोन ठेवला. मी डबा बाहेरच्या खोलीत ठेवून येतोय तोवर कस्तुरीची हाक आली.

"अहो, जरा आत या. दार लावून घ्या."

ती पलंगाच्या कडेला बसली होती. तिने माझा हात धरला आणि ब्लाऊजच्या आत, डाव्या बाजूला, काखेच्या जवळ नेला.

"लागतंय का काही?"

मी जरा दाबून बघितलं. "लागतंय."

"मला वाटलं माझ्याच मनाचे खेळ आहेत."

"कधीपासून?"

"आज अंघोळीला लागलं हाताला. वीणाने ही थुंकीची भानगड काढली म्हणून मी चाचपून बघितलं."

मी म्हणालो, "उद्या दवाखान्यात जाऊ."

"आता डबा पाठवतोय तर त्याचा कागद येऊ दे की. त्यात काय ते कळेलच. उगाच गावात दवाखान्याची पायरी चढले की चार जणी विचारणार, आणि वीणाच्या कानावर जाणार."

मी आत्ता लिहितोय तेव्हा मला वाटतं की मी नाही म्हणायला हवं होतं. तेव्हा मला तिचं म्हणणं पटलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

"बरं. कागद येऊ दे," मी म्हणालो.

मी एस.टी.च्या डेपोत बत्तीस वर्षं मेकॅनिक होतो. निवृत्त झाल्यावर गडहिंग्लजमध्येच अस्लम मुल्लाच्या गॅरेजमध्ये जात होतो. तो महिना मी गाड्यांची कामं केली, पण लक्ष फोनकडे. घरी आलो की आधी कस्तुरीकडे बघायचो.

"आहे का?"

"असणारच. कुठे जाणार?"

"वाढली?"

"मला काय कळतंय? रोज हात लावला की रोज तेवढीच वाटते."

ती नेहमीसारखी वागत होती. पण मधेच भाकरी थापता थापता तिचा हात थांबायचा, आणि ती तव्याकडे बघत राहायची. मी म्हणायचो, "करपली." ती म्हणायची, "दिसतंय मला."

ऑक्टोबरात, दसऱ्यानंतर, सकाळी अकराच्या सुमारास वीणाचा फोन आला. मी एका ट्रकखाली होतो.

"पप्पा, अहवाल आला! काही नाही! आईत तसला काही दोष नाही!"

"नीट बघितलंस?"

"हिरवी खूण आहे. तुम्हाला पाठवते. आईचा फोन लागत नाहीये, तुम्ही सांगा तिला. पप्पा, मी रडतेय इथे ऑफिसात. माझ्या टेबलाभोवती लोक जमलेत."

मी ट्रकखालून बाहेर आलो. हात पुसले नाहीत. चौकातल्या दुकानात जाऊन कागद छापून घेतला. दोन पानं होती. पहिल्या पानावर कस्तुरीचं नाव, मोठी हिरवी खूण आणि इंग्रजीत एक ओळ, दोष आढळला नाही. ते पान मी लॅमिनेट करून घेतलं. दुसऱ्या पानावर बारीक अक्षरं होती, खूण नव्हती. ते मी घडी घालून खिशात टाकलं.

कस्तुरी परसात धुणं वाळत घालत होती. मी लॅमिनेट केलेलं पान तिच्या हातात दिलं. तिने ते ओल्या हातांनी धरलं, उलटून मागे बघितलं, परत पुढे बघितलं.

"वीणा सुटली म्हणायची," ती म्हणाली.

"वीणाही सुटली, तूही सुटलीस."

"मग हे काय आहे?" तिने कोपराने डाव्या बाजूला खूण केली.

"चरबीची गाठ असेल. अस्लमच्या आईच्या पाठीवर नाही का एवढी मोठी, वीस वर्षं घेऊन हिंडते. अगं, परदेशी यंत्राने बघितलंय. त्याला दिसलं नसतं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ बघत होती असं मला आता आठवतं. मग म्हणाली, "ते दुसरं पान द्या इकडे. तुमच्या खिशातून दिसतंय."

मी दिलं. पहिलं पान तिने कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलं. संध्याकाळी शेजारपाजारी पेढे गेले. कशाचे पेढे म्हणून विचारलं तर कस्तुरी सांगायची, वीणाची तब्येत चांगली आहे त्याचे.

नोव्हेंबरात वीणा बाळंतपणासाठी घरी आली. पहिली खेप माहेरी, हे आमच्याकडे ठरलेलंच. जावई आणून सोडून गेले. कस्तुरीने डोहाळजेवण केलं, पन्नास बायका जेवल्या. ती घरभर पळत होती. मी एक गोष्ट बघितली. मोठं पातेलं उचलायचं झालं की ती डावा हात लावायची नाही, कडेवर घेतल्यासारखं करून उजव्याने उचलायची.

"हात दुखतोय?"

"शीर आखडलीय."

मी पुढे विचारलं नाही. कागद खिळ्याला होता.

जानेवारीत, वीणाचे दिवस भरत आले असताना, गॅरेजमध्ये उसाचा एक ट्रक आला. ड्रायव्हर आजऱ्याकडचा, पन्नाशीचा माणूस. म्हणाला, "मिस्त्री, ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढती."

अस्लम म्हणाला, "काय ओ, परवा तर पासिंग झालंय तुमच्या गाडीचं. मीच नेली होती. कागद बघा की."

"कागद माझ्याबी खिशात हाय. पण ओढती."

"उसाची ओझी घालताय डोंगराएवढी, मग ओढणारच."

मी ओरडलो. अस्लमवर मी तोवर कधी ओरडलो नव्हतो. "पासिंगचा कागद काय घाटात ब्रेक लावतोय? ड्रायव्हर म्हणतोय ना ओढती, मग कागद खिशात घाल आणि चाक काढ! डेपोत आमच्याकडे ड्रायव्हरने तक्रार लिहिली की सायबाची सही असली तरी गाडी बाहेर जात नव्हती. गाडीवर कोण बसलेलं असतं? तो बसलेला असतो. कागद बसलेला नसतो!"

"बरं बरं, मिस्त्री, काढतो. एवढं काय."

अस्लमने जॅक लावला. चाक निघालं, ड्रम निघाला. आतला ब्रेकचा एक लायनर मधोमध चिरलेला होता. ड्रायव्हर वाकून बघत होता. "बघा," तो म्हणाला, "मला पायाला कळत होतं."

माझ्या हातात पाना होता. मी तो खाली ठेवला. अस्लमला सांगितलं, घरी जाऊन येतो. त्याला वाटलं मी अजून रागात आहे.

दुपारचा दीड वाजला होता. वीणा आतल्या खोलीत झोपली होती. कस्तुरी स्वयंपाकघरात डिंक तळत होती, वीणासाठी लाडू करायचे म्हणून.

"चल," मी म्हणालो. "आत्ता दवाखान्यात जायचं."

"हळू बोला."

"हळू बोलतो, पण चल. गॅस बंद कर."

"डिंक करपेल."

मीच हात पुढे करून गॅस बंद केला. तिने झारा कढईत ठेवला, दाराकडे बघितलं आणि माझ्याजवळ आली.

"कागदाचा आणि त्या गाठीचा काही संबंध नाही, कस्तुरी," मी म्हणालो. "मी मूर्खपणा केला. तू सांगत होतीस आणि मी कागद बघत होतो."

"मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"दुसऱ्या पानावर काय आहे ते. दुसऱ्याच दिवशी गुरवबाईंकडून वाचून घेतलं." गुरवबाई म्हणजे शेजारच्या, हायस्कुलात इंग्रजी शिकवायच्या. "त्यात लिहिलंय, आम्ही फक्त तीन जागा बघितल्या. बाकीच्या हजारो जागा बघितलेल्या नाहीत. आणि दोष नाही म्हणजे आजार नाही असं समजू नका, डॉक्टरांना दाखवा."

"तीन महिने झाले," मी म्हणालो. "तीन महिने तू हे माहीत असून…"

"तुम्ही खूश होतात. ती खूश होती. तिचा आवाज ऐकला नाहीत? आणि तिला सहावा लागला होता. आता मी दवाखान्यात गेले आणि गाठ वाईट निघाली, तर तिला काय कळणार? की तो कागद खोटा आहे. की आईला झालंय म्हणजे तिलाही होऊ शकतं, आणि पोटातल्यालाही. असल्या धक्क्यात तिला कळा सुरू झाल्या म्हणजे?"

"आणि तुझं काय?"

"माझं सव्वा महिन्यानंतर बघू. ती बाळंत होऊ दे, सव्वा महिना होऊ दे. मग तुम्ही म्हणाल तिथे येते."

"तोवर ती गाठ थांबणार आहे का?"

"ओरडू नका म्हटलं ना!" तिचा आवाज चढला, मग तिनेच तोंडावर पदर धरला. आतून वीणाचा कूस बदलल्याचा आवाज आला. मग ती हळूच बोलली. "माझ्या वेळेला आई मिरजेला दवाखान्यात होती. ऑपरेशन होतं तिचं. माझं बाळंतपण तुमच्या चुलत वहिनींनी केलं. केलं म्हणजे काय, पोरगी आंघोळ घालून समोर ठेवली की झालं. माझ्या पाठीला कुणी तेल लावलं नाही. मी वीणाला पाजत होते आणि तिकडे आई गेली. मी वीणाला तसं होऊ देणार नाही. चाळीस दिवस मी तिच्यापाशी असणार. माझ्या हातांनी करणार."

"कस्तुरी, मी आत्ता तिला उठवून सांगू शकतो."

"सांगा. जा, उठवा. काय होईल त्याला तुम्ही जबाबदार."

मी दारापर्यंत गेलो. पडदा बाजूला केला. वीणा कुशीवर झोपली होती, पोटाखाली उशी घेऊन. तिचं तोंड किंचित उघडं होतं. लहानपणीही ती तशीच झोपायची. मी पडदा सोडला.

मागे कस्तुरीने गॅस लावला होता.

"सव्वा महिना," मी म्हणालो. "त्याच्यापुढे एक दिवस नाही."

"बरं," ती म्हणाली.

सहा दिवसांनी वीणाला मुलगी झाली. इरा. कस्तुरीने चाळीस दिवस जे ठरवलं होतं ते सगळं केलं. पाटावर पाय लांब करून बसायची, नातीला पायांवर घ्यायची, कढत पाण्याने न्हाऊ घालायची. वीणाच्या पाठीला तेल, शेक, धुरी. एका सकाळी इराला उचलताना तिचा डावा हात असा थरथरला की वीणा बाजेवरून उठली.

"आई, हाताला काय झालंय?"

कस्तुरीने वीणाकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

माझ्या तोंडात शब्द आले होते. मी बादली उचलली. "शीर आखडलीय तिची," मी म्हणालो. "मी सांगतोच आहे, दाखवून ये म्हणून."

"दाखव की गं, आई."

"दाखवते. तू तुझ्या घरी गेलीस की दाखवते."

मी दिवस मोजत होतो. चाळीस दिवस झाले. मग जावयांना रजा मिळेना, वीणा आणखी पंधरा दिवस राहिली. मी कस्तुरीला म्हणालो, तू शब्द दिलाय. ती म्हणाली, एवढी गाडी सुटू दे. वीणा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात गेली. चोवीस तारखेला शनिवारी मी कस्तुरीला स्कूटरवर बसवून डॉक्टर आजरीबाईंकडे नेलं.

डॉक्टरांनी तिला आत घेऊन तपासलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी हात धुवायला बराच वेळ लावला.

"काखेतही आहे," त्या म्हणाल्या. "कधीपासून जाणवतंय?"

कस्तुरी म्हणाली, "पंधरा दिवस झाले असतील."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी तिच्या शेजारी बसलो होतो. मी काही बोललो नाही. डॉक्टरांनी कागदावर पंधरा दिवस असं लिहिलं. मी बरोबर आणलेला अहवाल पुढे केला, का कुणास ठाऊक. त्यांनी तो वाचला आणि टेबलावर ठेवला.

"हे जाड पुस्तकातल्या तीन ओळी वाचून पुस्तक शुद्ध आहे म्हणण्यासारखं आहे," त्या म्हणाल्या. "आणि तेही बाहेरच्या देशांतल्या काही लोकांमध्ये सापडणाऱ्या ओळी. शिवाय ज्यांच्यात दोषच नसतो अशाही कितीतरी बायकांना हा आजार होतो. हाताला गाठ लागली की कागद बघायचा नसतो, काका. पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला जा."

कोल्हापूरला गेलो. तिथे सुई घालून तपासलं, तोच आजार निघाला, बराच पुढे गेलेला. तिथल्या डॉक्टरांनी रक्त घेऊन पूर्ण तपासणी केली, तेव्हा दोष सापडला. त्या डब्याने न बघितलेल्या जागी तो होता. डॉक्टरांनी वीणाला बोलावून सांगितलं, तुझ्यात असण्याची शक्यता निम्मी आहे, तूही तपासून घे.

वीणाने तपासून घेतलं नाही. आधी म्हणाली, आईचं होऊ दे. कस्तुरी वीस महिने जगली. मग वीणा म्हणाली, मला जरा वेळ द्या. मग लॉकडाऊन लागला. दोनदा तिने नाव नोंदवलं आणि दवाखान्याच्या दारातून परत आली. जावई बोलायचे, ती म्हणायची, "हिरवी खूण आली तरी माझा विश्वास बसणार नाही, मग कशाला?"

शेवटी दोन हजार बावीसच्या जूनमध्ये ती तयार झाली, आणि मला म्हणाली, तुम्ही चला बरोबर. पुढचं आधीच सांगून टाकतो. तिच्यातही तो दोष निघाला. आज ती दर सहा महिन्यांनी तपासणी करून घेते, एकदाही चुकवत नाही, आणि धडधाकट आहे. पण मला सांगायचं आहे ते रक्त द्यायच्या दिवसाचं.

आम्ही दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर बाकावर बसलो होतो. समोर खाली जायचा जिना. वीणाच्या मांडीवर चार पानांचा फॉर्म होता. घरात कुणाला आजार झाला, कितव्या वर्षी, पहिलं लक्षण कधी जाणवलं. आजीचं भरलं, मावशीचं भरलं. आईच्या ओळीवर ती थांबली.

"आईचं मार्च दोन हजार अठरा ना, पप्पा? पंधरा दिवस आधी म्हणाली होती ती. म्हणजे मार्चची सुरुवात."

"इकडे दे," मी म्हणालो.

मी चष्मा लावला. पेन घेतलं आणि तारीख लिहिली. सतरा सप्टेंबर दोन हजार सतरा.

तिने वाचलं. "वर्ष चुकलं तुमचं."

"नाही चुकलं."

"सतराच्या सप्टेंबरात तर आपण ती थुंकीची…" ती थांबली.

"त्याच दिवशी. तू फोन ठेवलास, मी डबा बंद केला, आणि तिने मला दाखवली."

आत कुणाचा तरी नंबर पुकारला. आमचा नव्हता.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"कागद येऊ दे म्हणालो."

"आणि कागद आल्यावर?"

"चरबीची असेल म्हणालो."

"आणि मी घरी होते तेव्हा? तिचा हात थरथरत होता तेव्हा?"

"तिने मला गप्प बसायला सांगितलं. पण गप्प बसलो तो मीच."

वीणा समोर बघत होती. "पंचावन्न दिवस," ती म्हणाली. "पंचावन्न दिवस मी तिच्याकडून अंगाला तेल लावून घेत होते. इराला उचलून दे म्हणत होते. आणि तुम्ही दोघं…" ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"डॉक्टरांनाही खोटं सांगितलंत."

"हो."

"सगळ्या फाइलींमध्ये तेच आहे. मी तीच तारीख सगळीकडे सांगत आले. चार वर्षं."

"हो."

ती उठली. दोन पावलं जिन्याकडे गेली. मी तिला थांब म्हणालो नाही, मला तसं म्हणायचा हक्क वाटत नव्हता. तेवढ्यात आतून तिचं नाव पुकारलं. ती जिन्यापाशीच उभी राहिली. नर्सने दुसऱ्यांदा हाक मारली. वीणा मागे वळली, आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"तुम्ही हात लावून बघितलं होतं?"

"हो."

"केवढी होती तेव्हा?"

मी आजवर हे कुणाला सांगितलं नव्हतं. "वाटाण्याएवढी," मी म्हणालो.

तिने डोळे मिटले, उघडले. उजव्या हाताची बाही वर करायला लागली.

"तेही लिहा," ती म्हणाली, आणि आत गेली.

तारखेच्या पुढे जागा थोडी होती. मी बारीक अक्षरात लिहिलं.